उलटे बिल्ले

"अगं, मास्टरची चकती कुठंय?"

बिल्लेकाका दिवाणखान्यातून ओरडले तेव्हा काकू स्वयंपाकघरात कप पुसत होत्या. पाहुणा थोड्याच वेळात यायचा होता, आणि काका काचेच्या कपाटासमोर डोक्याला हात लावून बसले होते.

या कपाटाबद्दल आधी सांगायला हवं. त्यात सोव्हिएत सैन्यातले कौशल्याचे बिल्ले होते. तिथला सैनिक रणगाडा चालवणारा असो की बिनतारी संदेश पाठवणारा, परीक्षा दिली की त्याला वर्ग मिळायचा. तिसरा, दुसरा, पहिला आणि सगळ्यांच्या वर मास्टर. छातीवर निळ्या ढालीचा बिल्ला, भोवती पानांची महिरप, मधोमध वर्गाचा आकडा, आणि मास्टरला आकड्याऐवजी 'एम'. काका स्वतः एका कारखान्याच्या गोदामात कनिष्ठ लिपिक म्हणून चिकटले आणि कनिष्ठ लिपिक म्हणूनच निवृत्त झाले. त्यांच्याकडे काम शिकलेली पोरं साहेब होऊन त्यांच्याच रजेच्या अर्जावर शेरे मारू लागली. परीक्षा दिली की वर्ग देणाऱ्या सैन्यावर अशा माणसाचा जीव जडला, यात नवल नव्हतं.

नवल होतं ते मांडणीत. काकांनी सगळे बिल्ले उलटे लावले होते. मागे पेच, पेचावर गोल चकती, चकतीवर कारखान्याचा शिक्का. "खरंखोटं मागून कळतं. समोरून काय, कुणीही रंग फासतो," हे त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याला कपाटात नुसत्या चकत्या दिसायच्या. एका प्लंबरनं तर "काका, वायसरचं दुकान बंद केलंत वाटतं?" असं हळहळून विचारलं होतं.

आज मात्र संग्राहक मंडळाचे पारखी येणार होते. गावभर त्यांना भिंगवाले म्हणत. मंडळाच्या प्रदर्शनात मधलं टेबल कुणाला द्यायचं हे त्यांच्या शब्दावर ठरायचं. ते टेबल मिळालं की काका जन्मात पहिल्यांदा कुठंतरी पहिले येणार होते.

"कसली चकती?" काकू दारात आल्या.

"मास्टरची! काल होती. आज नुसता पेच उभा आहे. इथला केर कुणी काढला?"

"रोज कोण काढतं? मीच. पण ती चकती ना, मी काल—"

"मध्ये बोलू नकोस! तुला त्यातलं काय कळतंय? तू आपलं चहाचं बघ. तेवढं धड केलंस तरी पुष्कळ."

काकू खरं तर सांगायलाच आल्या होत्या. उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं आणि त्या चहाचं बघायला गेल्या. सांगायचं ते सांगून झालेलं नसताना गप्प बसण्याचा त्यांना दांडगा सराव होता.

काकांनी सोफा हलवला, सतरंजी झटकली, केराचा डबा वर्तमानपत्रावर पालथा घातला. चकती मिळाली नाही. मग त्यांना एक युक्ती सुचली, आणि काकांना युक्ती सुचली की घरात काहीतरी मोडायचं. त्यांनी पहिल्या वर्गाच्या बिल्ल्याची चकती काढून मास्टरला लावली. पहिला उघडा पडला म्हणून त्याला दुसऱ्याची लावली. दुसऱ्याला तिसऱ्याची. चकत्या वेगवेगळ्या कारखान्यांच्या, आटे जुळेनात, म्हणून पक्कड आणली. एका बिल्ल्यावरच्या मीनाकामाचा टवका उडाला, एकाचा पेच वाकला. शेवटी तिसरा वर्ग राहिला. त्याला काकांनी खणातला नळाचा वायसर घातला आणि कपाटाला कुलूप लावेपर्यंत घंटी वाजली.

भिंगवाले आले, बसले, आणि त्यांनी कपाट उघडायला सांगितलं. उलट्या बिल्ल्यांकडे पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी भिंग काढलं. एकेक चकती ते निरखू लागले.

"ही चकती या बिल्ल्याची नाही," भिंगवाले म्हणाले. "हीसुद्धा नाही. पक्कडीचे ओरखडे ताजे दिसताहेत. आणि हा... हा नळाचा वायसर आहे का हो?"

"लढाईच्या धामधुमीत," काका घाईघाईनं म्हणाले, "सैनिक हाताला लागेल ते लावत असतील."

"आणि हाताला हा लागला? यावर आपल्या चौकातल्या दुकानाचं नाव आहे."

तेवढ्यात काकू ट्रे घेऊन आल्या. कप, बशा आणि मधोमध चहाची किटली. भिंगवाल्यांनी सवयीनं किटलीकडे पाहिलं आणि ते खुर्चीतून अर्धवट उठले.

"थांबा वहिनी. ओतू नका."

किटलीच्या झाकणावर दोऱ्याच्या रिळाचा लाकडी तुकडा होता, आणि त्याच्या डोक्यावर एक गोल चकती घट्ट बसली होती. भिंगवाल्यांनी भिंग लावलं. वाफेनं ते धुरकटलं. शर्टाला पुसून त्यांनी पुन्हा लावलं.

"अस्सल! शिक्का बघा, एक रेघ पुसलेली नाही. कुठून आणलीत ही?"

"कपाटातून. झाकणाची मूठ तुटली होती," काकू म्हणाल्या. "यांना कितीदा सांगितलं, नवी आणा, नवी आणा. वेळच नव्हता. रोज एवढ्या चकत्या पुसते, म्हटलं एक आपणही घ्यावी."

"तीच! तीच माझी मास्टरची!" काका ताडकन उठले. बायकोवर ओरडायचंही ते विसरले, एवढा त्यांना आनंद झाला. "चकती अस्सल, म्हणजे मास्टर अस्सल! बघा, मी म्हणत होतो!"

भिंगवाल्यांनी मास्टरचा बिल्ला काढला, सुलटा केला आणि खिडकीपाशी नेला. कित्येक वर्षांनी त्याच्या तोंडावर उजेड पडत होता.

"चकती अस्सल आहे," ते सावकाश म्हणाले. "बिल्ला नक्कल. हा मीना नाही, साधा रंग आहे. भोवतीची पानंही नीट ओतलेली नाहीत. खरी चकती लावून खोटा बिल्ला तुमच्या गळ्यात मारलाय कुणीतरी."

"आणि बाकीचे?" काकांचा आवाज खोल गेला.

"ते खरे होते. सकाळपर्यंत."

काका मटकन बसले. भिंगवाल्यांनाही वाईट वाटलं असावं. "अहो, एकदा तोंडाकडे पाहिलं असतंत तरी कळलं असतं. इतकी वर्षं समोरून पाहिलंच नाहीत?"

"त्यांना सवय नाही," काकू चहा ओतत म्हणाल्या.

भिंगवाल्यांनी चहा घेतला, चांगला झाल्याचं सांगितलं आणि जाता जाता ती चकती तरी प्रदर्शनात ठेवावी, वहिनींच्या नावानं ठेवावी, असं सुचवलं. "मग झाकण कशानं उचलू?" असं काकूंनी विचारलं, तेव्हा त्यांनी नमस्कार करून चपला घातल्या.

दार लागल्यावर काका उघड्या कपाटापुढे बसून होते. मग चाचरत म्हणाले, "ती चकती दे मला. आता तेवढंच एक खरं उरलंय."

"चकती स्वयंपाकघराबाहेर येणार नाही," काकूंनी कप गोळा करत सांगितलं. "बघायची असेल तेव्हा आत या. आणि आलाच आहात तर चहा टाका."

तेव्हापासून रोज सकाळी काका भिंग घेऊन स्वयंपाकघरात जातात. पाणी उकळेपर्यंत शिक्का न्याहाळतात, बोटं पोळून घेतात आणि चहा गाळतात. काकू बाहेर खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसलेल्या असतात.

"साखर बेताची," त्या म्हणतात.

काका कप आणून त्यांच्या हातात देतात. देताना मान मागे वळलेली असते, ओट्यावरच्या झाकणाकडे.