रामटेके काकांचे दहा सेकंद

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे रामटेके काका व्हिडिओ गेम खेळायला बसण्याआधी इस्त्रीचा शर्ट घालतात. दाढीही करतात. कारण गेममध्ये नोरिया असते. नोरिया म्हणजे काकांच्या सोबतीनं राक्षसांशी लढणारी, धनुष्यबाण चालवणारी बाई. काका तिला 'नोरिया जी' म्हणतात. आमच्या जबलपुरात जी लावल्याशिवाय कुणाचं नाव घेत नाहीत, मग ती टीव्हीच्या पडद्यातली का असेना.

काका एकसष्ट वर्षांचे, अविवाहित, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. भाचा नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा गेमचं मशीन मामाकडे ठेवून गेला. काकांनी ते आधी धूळ बसू नये म्हणून झाकून ठेवलं, मग चालतं का पाहावं म्हणून लावलं, आणि आता रोज दुपारी चार वाजता ते 'ड्यूटीवर' असतात.

त्यांचं एक वाक्य आमच्या सगळ्या गोरखपूर मोहल्ल्यात प्रसिद्ध आहे. "विचार करून सांगतो." भाजीवाल्यानं भेंडी देऊ की दोडका विचारलं तरी हेच. त्यांचा विचार होईपर्यंत हातगाडी पुढच्या गल्लीत पोचलेली असते. घराला रंग कोणता द्यायचा यावर चार वर्षं विचार चालू आहे. भिंतीवर नमुन्याचे तीन पट्टे तेवढे आहेत.

नोरिया मात्र विचार करू देत नाही. ती काहीतरी नाजूक विचारते, पडद्यावर इंग्रजीत चार उत्तरं येतात आणि खाली एक पिवळी पट्टी भराभर आखडू लागते. दहा सेकंद. तेवढ्यात बटण दाबलं नाही, तर गप्प राहणं हेच तुमचं उत्तर. मागे तिनं विचारलं होतं, "तुला माझी आठवण येते का?" काका चष्मा पुसत राहिले. त्यानंतर दोन किल्ले जिंकेपर्यंत नोरिया त्यांच्याशी बोलली नाही, आणि काका आठवडाभर धड जेवले नाहीत.

"थोडं मागे जाऊन पुन्हा खेळा ना," मी म्हटलं. "तसं करता येतं."

"मागच्या तारखेत कागद नाही करत मी, बेटा. नोकरीत नाही केला, आता काहून करू?"

"काका, ती खरी नाही."

"मालूम आहे ना. म्हणून तर तिच्याशी बोलून राहिलो." मग म्हणाले, "इथं जवळच, पाटन गावी, लग्नासाठी एक मुलगी पाहिली होती. तिनं सगळ्यांसमोर मलाच विचारलं, मी पसंत आहे का म्हणून. मला तर होतीच. पण सांगायला मी महिना लावला. तोवर तिचं दुसरीकडे जमलं."

मी थट्टा सोडून त्यांच्या शेजारी बसले.

"रविवारी ये," ते म्हणाले. "शेवटच्या लढाईच्या आधीचा मुक्काम आहे. भाचा म्हणे, तिथं ती विचारतेच. गप्प राहिलो तर कायमची जाईल. तू फक्त सेकंद मोज."

रविवारी मी गेले. काका खुर्चीच्या कडेवर ताठ बसले होते, मुलाखतीला आल्यासारखे. पडद्यावर शेकोटी जळत होती आणि नोरिया बाणाला धार लावत होती. मग तिनं मान वर केली. "उद्या वाचलो, तर तुला काय हवं?"

उत्तरं आली. विजय. घर. तू. काहीच नाही.

"दहा," मी म्हटलं. काकांनी 'तू' निवडून ठेवलं, पण बटण दाबेनात. "सात. काका, दाबा."

"थांब जरा."

"पाच."

"बेटा, तूच दाब ना." त्यांनी कंट्रोलर माझ्याकडे सरकवला. माझा हात पुढे गेलाही. मग त्या पाटनच्या मुलीची आठवण झाली आणि मी हात मांडीखाली दाबून धरला.

"नाही. तुम्हीच. तीन. दोन."

काकांनी डोळे गच्च मिटले आणि दाबलं.

"मला वाटलं, तू कधी म्हणणारच नाहीस," नोरिया म्हणाली, आणि उठून त्यांच्या शेजारी येऊन बसली. काकांनी हळूच एक डोळा उघडला. "गेली?"

"बसली आहे. शेजारीच."

"अच्छा," एवढंच म्हणाले. त्यांचा इस्त्रीचा शर्ट पाठीवर घामानं ओला झाला होता.

त्याला आता तीन महिने झाले. परवा चहा घेऊन वर गेले, तर पडद्यावर तीच शेकोटी, शेजारी नोरिया, आणि काका हात मांडीवर ठेवून नुसते बसलेले.

"काहून हो काका, लढाई नाही करून राहिले?"

"जिंकलो तरी खेळ संपते, हरलो तरी संपते," काका म्हणाले. "इथं बरं आहे." मग त्यांनी दुसरी खुर्ची ओढून दिली. "बस ना थोडा वेळ. तिलाही कोणी आलेलं आवडते."

मी बसले.