वामनभाऊंचं साफ पिक्चर

पाहुणा घरात आला की आधी खुर्ची शोधतो. वामनभाऊ आधी टीव्हीच्या पाठीमागे शिरायचे. घरच्या बाईनं चहाचं विचारलं की उत्तर टीव्ही आणि भिंतीमधल्या फटीतून यायचं, "मांडा बाई. पन हे पिवळं वायर कोनं खुपसलं?"

चामोर्शीत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, पण जीव सगळा वायरींत. डीव्हीडी प्लेअर तेव्हा घरोघरी नवेनवे येत होते. कुणाकडे खोकं उतरलं की भाऊ हजर. गळ्यात लाल, हिरव्या, निळ्या वायरींचा जुडगा, डॉक्टरच्या नळीसारखा.

"पिवळ्या वायरीत सगळे रंग एकाच नळीतून येतात, गुरुजी. खिचडी होते. ह्या तिघी पाहा. भात अलग, वरन अलग, भाजी अलग!"

वायरी बसल्या की ते खिशातून एक डिस्क काढत. प्लेअरसोबत फुकट मिळालेली, समुद्रातल्या माशांची. माशांचे खवले स्पष्ट दिसले की काम झालं. मग आम्ही सिनेमा लावायचो आणि भाऊ निघून जायचे. सिनेमा त्यांनी कधी पाहिला नाही.

दिवाळीत आमचे जावई आले, तेव्हा आम्ही प्लेअर घेतला होता. भाऊंनी वायरी बदलल्या, मासे दाखवले. सिनेमा सुरू झाला तरी त्यांचं समाधान होईना.

"आजून साफ करतो," म्हणत त्यांनी रिमोटचं कुठलंसं बटण दाबलं. पडदा काळा. ज्यातून दुरुस्त करायचं ती पडद्यावरची यादीसुद्धा गायब.

"भाऊ, पिक्चर गेलं," मी म्हणालो.

"गेलं नाई. आहे. आपल्याले दिसून नाई राह्यलं."

आवाज मात्र चालू होता. जावईबापू मान डोलवत नायक-नायिकेचं भांडण, एक गाणं आणि एक अख्खं लग्न नुसतं ऐकत बसले. शेवटी माझ्या बायकोनं ती पिवळी वायर परत खुपसली आणि पडदा उजळला. यादी पुन्हा दिसू लागली, तिच्यातून भाऊंनी आपली चूक निस्तरली, वायरी गोळा केल्या आणि चहा न घेताच गेले. डिस्क आमच्याकडेच राहिली.

सकाळी मी ती द्यायला गेलो. त्यांच्या आतल्या खोलीत मी पहिल्यांदाच गेलो. खाटेवर उशीला टेकून त्यांच्या बायको, जनाबाई, बसल्या होत्या. अर्धांगवायूनं एक बाजू गेल्यापासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या, एवढंच मला ठाऊक होतं.

"बरं झालं आनलं, गुरुजी. सकाळपासून हिची बोलनी खाऊन राह्यलो," म्हणत भाऊंनी खाटेसमोरच्या टीव्हीवर डिस्क लावली. "हिचं माहेर वैनगंगेच्या काठी, ढिवराचं, मासे धरनाऱ्याचं घर. मासे पाह्यल्याशिवाय करमत नाई. नदीवर नेलं होतं एकदा, पन घाट उतरवेना."

निळ्याशार पाण्यात पिवळेजर्द मासे फिरू लागले.

"खवले दिसून राह्यले ना?" भाऊंनी विचारलं.

"दिसतात. लग्नाच्या मांडवातल्या झिरमिळ्या वाटतात," जनाबाई म्हणाल्या. "अवो, पन नदी अशी निळी असते काय? आपली गंगा पावसाळ्यात मातीवानी. मासा दिसत नाई तिच्यात. पानी हललं का मासा आहे समजाचं."

भाऊंनी रिमोट उचलला. रंग उतरवला, उजेड कमी केला. मागे वाकून निळी वायर उपसली. पाणी आधी हिरवट, मग गढूळ झालं. मासे त्यात बुडून गेले.

"भाऊ, काहीच दिसत नाही आता," मी म्हणालो.

"चूप ना, गुरुजी."

जनाबाईंनी चांगल्या हातानं पदर सावरला आणि जरा पुढे सरकल्या. बराच वेळ पाहत राहिल्या.

"त्या कोपऱ्यात," त्या हळूच म्हणाल्या. "हललं."

भाऊ त्यांच्या शेजारी खाटेवर टेकले आणि डोळे बारीक करून तिकडे पाहू लागले.

"मरळ असन," ते म्हणाले.