फक्त पाणी

आमच्या घराला नवीन खिडक्या बसल्या त्या दिवशी शेजारचे शफीकभाई पाठीला फवारणीचा पंप बांधून आले. कपाशीवर औषध मारतात तोच पंप. त्यावर लाल रंगात लिहिलं होतं, ‘फक्त पाणी’. मी चहाचं विचारलं. ते म्हणाले, आधी खिडकी.

पुढचं मी पत्रकाराच्या सवयीने घड्याळ लावून पाहिलं. शफीकभाईंनी अंगणात उभं राहून चौकटीच्या सर्वांत खालच्या सांध्यावर पाच मिनिटं पाणी मारलं. मग पंपासकट धावत व्हरांड्यातून दिवाणखान्यात आले, आतून त्याच सांध्यावर तळहात फिरवला, हात उजेडात धरून पाहिला आणि धावत बाहेर गेले. मग त्याच्या वरचा सांधा. पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा धाव. अशा नऊ फेऱ्या झाल्या. माणूस सत्तावन्न वर्षांचा, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. माझ्या बायकोने चहा दोनदा गरम केला आणि फरशी तीनदा पुसली.

शेवटी निकाल लागला. “गळत नाही,” शफीकभाई म्हणाले. चहाचा घोट घेऊन त्यांनी पुढचा शब्द जोडला, “आजूक.”

चौथ्या फेरीला मी सुचवलं होतं की मी आत उभा राहून हात लावतो, तुम्ही बाहेरून पाणी मारा, धावायला नको. ते थांबलेही नाहीत. “मले एकट्याले जमते,” एवढंच म्हणाले.

आमच्या कारंजा गावात तीन मजल्यांच्या वर फारसं काही चढत नाही. शफीकभाई मात्र वीस-पंचवीस मजल्यांच्या इमारतींच्या बाहेरच्या काचेच्या भिंतींचे आराखडे काढतात. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, पंख्याखाली, कॉम्प्युटरवर. वडील लाकडी चौकटी करायचे. शफीकभाई अकोल्याला ॲल्युमिनियमचं काम शिकले, बारा वर्षं मुंबईत काढली, मग बिऱ्हाड घेऊन परत आले. हल्ली पुण्याहून, हैदराबादहून नकाशे येतात, हे भिंत काढून पाठवतात. त्यांतल्या बहुतेक इमारती त्यांनी पाहिलेल्या नाहीत.

काचेची भिंत म्हणजे काय, हे ते कुणालाही, न विचारता, समजावून सांगतात. “इमारत म्हंजे मानूस न हे म्हंजे सदरा. सदरा मानसाले उचलत नाही, मानूस सदऱ्याले घेऊन फिरते. पन पानी लागते ते सदऱ्यालेच.”

दारावर त्यांनी पाटी लावली होती, ‘कर्टन वॉल डिझाइन’. या भिंतीला त्या धंद्यात तसंच म्हणतात. आठवड्याभरात गल्लीतल्या बाया दारं-खिडक्यांचे पडदे शिवून घ्यायला कापड घेऊन आल्या. शफीकभाई प्रत्येकीला सदऱ्याचं उदाहरण देऊ लागले. त्यांच्या पत्नी हमीदाभाभींनी त्यांना बाजूला सारलं आणि मापं घेतली. त्या वर्षी शफीकभाईंकडे भिंती चार आल्या, हमीदाभाभींकडे पडदे एकवीस. पाटी बदलायचं कुणी नाव काढलं नाही. हमीदाभाभी दोन वर्षांपूर्वी गेल्या. पाटी अजून तीच आहे आणि पडद्यासाठी कुणी आलं की शफीकभाई नुसते मान हलवतात.

त्यांच्या अंगणात बारा फूट उंचीचा काचेच्या भिंतीचा एक तुकडा उभा आहे. मागे इमारत नाही, खिडकी नसलेली पत्र्याची बंद खोली आहे. मोठ्या इमारतीला भिंत लावण्याआधी तिचा असा एक तुकडा उभारून त्याच्यावर पाण्याची परीक्षा घेतात. काच आरशासारखी आहे. गल्लीतल्या बकऱ्या तिच्यासमोर उभ्या राहून स्वतःला शिंगं दाखवतात. वरातीला निघालेला नवरदेव फेटा नीट करायला तिथे थांबतो. शफीकभाईंची हरकत नसते, फक्त हात लावायचा नाही. काचेवर बोटाचा डाग दिसला की ते खिशातून थिनरची चिंधी काढतात. डाग सांधे बुजवायच्या सिलिकॉनचा असेल तर ब्लेड काढतात. नवरदेवाचा हातसुद्धा त्यांनी मनगटाला धरून बाजूला केलेला आहे.

म्हणून मला एका गोष्टीचं नवल वाटे. त्या तुकड्यावर बाहेरच्या बाजूने, छातीच्या उंचीवर, काळ्या सिलिकॉनचा एक अख्खा पंजा उमटलेला होता. लहान हाताचा. एकदा मी तो दाखवला आणि म्हटलं, हा राहिला. शफीकभाई म्हणाले, “राहू द्या.” आणि बकऱ्या हाकलायला गेले.

त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणजे ‘पानी येनारच’. काच कितीही घट्ट बसवा, थेंबभर पाणी चौकटीत शिरतंच, असा त्यांचा सिद्धांत. ते अडवायच्या फंदात पडायचं नाही. चौकटीच्या बुडाशी बारीक भोकं ठेवायची. आलं तसं गेलं पाहिजे. हा सिद्धांत ते सगळीकडे लावतात. भाचीच्या लग्नात नवऱ्याचा बाप स्थळाची फार तारीफ करू लागला, तेव्हा शफीकभाईंनी त्याला शांतपणे विचारलं, “पानी येनारच. जायची वाट ठेवली का?” त्या लग्नाच्या अल्बममध्ये शफीकभाई अकरा फोटोंत आहेत. सात फोटोंत ते वर, हॉलच्या खिडक्यांकडे पाहत आहेत.

गावाला त्यांचं काम ठाऊक होतं, पटलेलं नव्हतं. ते मोबाइलवर हैदराबादची इमारत दाखवत. लोक दोन बोटांनी फोटो मोठा करून विचारत, यातली तुमची खिडकी कोणती? सगळीच, असं सांगितलं की लोक मोबाइल परत देत.

म्हणून मनोहरशेठचं काम आलं तेव्हा शफीकभाईंनी ते फार मनावर घेतलं. शेठ कापडाचे व्यापारी. बाजारपेठेत दुकानाची तीन मजली नवी इमारत, समोरची सगळी बाजू काचेची. शफीकभाईंनी मापं दोनदा घेतली, एकदा जानेवारीत आणि एकदा मे महिन्यात, कारण उन्हात ॲल्युमिनियम लांबतं. शेठला हे थोतांड वाटलं, पण काच पसंत पडली. शफीकभाईंनी लेखी हमी दिली : दिवसा बाहेरून पाहणाऱ्याला आतलं काही दिसणार नाही, आतून मात्र सगळा रस्ता दिसेल. शेठला तेच हवं होतं. गल्ल्यावर बसून समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकं मोजता येणार होती.

भिंत उभी राहिली. महिनाभर शफीकभाई भाजी आणायला रोज लांबच्या रस्त्याने, दुकानासमोरून जात. थांबत नसत. फक्त चाल कमी होई.

ऑगस्टमध्ये दोन दिवस झड लागली आणि दुसऱ्या मजल्यावर, लग्नाच्या शालूंवर पाणी आलं.

शेठ म्हणाले, “शफीकभाई, तुमचा सदरा भिजला.” पानठेल्यावर म्हणाले की एवढी फवारणी केली न पीक वाहून गेलं. शफीकभाईंनी दोन्ही ऐकून घेतलं. पण शेठचं पुढचं वाक्य कामाचं होतं. सोमवारी मिस्त्री येणार, दुसऱ्या मजल्याची काच काढणार आणि तिथे विटांची भिंत बांधणार. गावातली शफीकभाईंची एकच इमारत, आणि तिच्या छातीवर विटा. त्यांनी शेठकडे रविवार मागून घेतला.

रविवारी सकाळी मी सोबत गेलो. पाऊस उघडून लख्ख ऊन पडलं होतं. दुकान बंद, समोर बांबूची परांची उभी. शफीकभाई पंप घेऊन परांचीवर चढले, पाच मिनिटं पाणी मारलं, उतरले, आत जाऊन जिन्याने दुसऱ्या मजल्यावर आले, हात फिरवला, खाली गेले, पुन्हा परांची. शेठ फुटपाथवर खुर्ची टाकून पाहत होते. तिसऱ्या फेरीला शफीकभाई जिन्यातच बसले. मी पाणी दिलं. त्यांनी ते गुडघ्यावर ओतलं.

सांधे सोळा होते. झाले होते दोन.

ते जिन्याचा कठडा धरून उठले. मग म्हणाले, “पत्रकार, आत उभे राहा.”

नियम त्यांनी असे सांगितले. ते ज्या सांध्यावर पाणी मारतील त्याच्यावर मी आतून हात ठेवायचा. बोलायचं नाही, काचेतून ऐकू येत नाही. हात ओला झाला तर काचेवर मूठ ठेवायची. पाच मिनिटांनी हात कोरडा असला तर पंजा ठेवायचा, उघडा, सपाट.

“मंग बाहेरचा मानूस त्याच जागी आपला पंजा ठेवते,” ते म्हणाले. “म्हंजे समजलं. म्हंजे पुढचा सांधा.”

हे दोघांचंच काम असतं का, मी विचारलं.

“दोघायचंच असते. हमीदा बाहेर राहे पंप घेऊन. मी आत. पंधरा वरस.”

ते पंप उचलून परांचीवर गेले. मी त्यांच्या जागी उभा राहिलो.

मध्यावरच्या सांध्याला तिसऱ्याच मिनिटाला माझा हात ओला झाला. मी मूठ ठेवली. शफीकभाईंनी पंप थांबवला, खाली वाकले, चौकटीच्या बुडाशी नाक लावलं आणि तसेच राहिले. मी काचेशेजारच्या दारातून कडेच्या सज्ज्यात गेलो. पाणी जायची भोकं पांढऱ्या पुट्टीने बुजवलेली होती. सगळी. वरून रंगाचा हातही मारलेला.

शफीकभाईंनी वरून विचारलं, शेठ, हे कोणी केलं. शेठ खुर्चीवरूनच म्हणाले, “म्या करून घेतलं. पहिल्या पान्यात त्या भोकाईतून पानी टपकून राह्यलं होतं. पेंटरले सांगून भरून टाकली. भिंतीले भोकं कोन ठेवते बॉ?”

“मी ठेवतो,” शफीकभाई म्हणाले.

त्यांनी खिशातून दाभण काढलं आणि पहिल्या भोकातली पुट्टी उकरली. दोन दिवसांच्या झडीचं चौकटीत कोंडलेलं पाणी एका धारेत बाहेर आलं आणि शेठच्या पांढऱ्या पायजम्यावर पडलं. शेठ उठले. शफीकभाईंनी दुसरं भोक उघडलं. शेठने खुर्चीही उचलली. तिसऱ्या भोकापर्यंत शेठ समोरच्या दुकानाच्या ओट्यावर पोचले होते. मिस्त्रीला नको म्हणून सांगायला त्यांनी तिथूनच फोन लावला.

पण परीक्षा अर्धवट सोडायची नाही, हा नियम. शफीकभाईंनी तोच सांधा पुन्हा धरला. आतून मला ते स्वच्छ दिसत होते. कपाळावरचा घाम, दांडा हलवताना हलणारी दाढी, मिशीला लागलेला पुट्टीचा कण. पाच मिनिटं झाली. माझा हात कोरडा होता. मी काचेवर पंजा ठेवला.

त्यांनी बाहेरून आपला पंजा त्याच जागी ठेवला.

पुढच्या सांध्याकडे जायला हवं होतं. ते गेले नाहीत. काचेच्या अगदी जवळ आले, मान डावीकडे केली, उजवीकडे केली, डोळे बारीक केले. नोझलचं पाणी त्यांच्या चपलेवर पडत होतं. मी हात काढला नाही. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही, तेव्हा घड्याळ पाहिलं नव्हतं.

उरलेले सांधे कोरडे निघाले. शफीकभाई आत आले, पंप उतरवला आणि मला विचारलं, “तुमाले मी दिसत होतो?”

मी म्हटलं, स्पष्ट. मिशीला पुट्टी लागली आहे.

त्यांनी मिशी पुसली नाही. “मले तुमी दिसत नव्हते. आभाळ दिसे. न मी. तुमचा नुसता पंजा दिसे.”

मी म्हटलं, काचच तशी आहे. तुम्हीच हमी लिहून दिली आहे.

“हाव. लोकाईले मीच सांगतो.” ते शालूंच्या गठ्ठ्यावर टेकले. “अंगनातल्या त्या पत्र्याच्या खोलीत गरम लय होये. हमीदा बाहेर उन्हात पाच-पाच मिनिटं पंप मारे. तिले कंटाळा येऊ नाही म्हनून मी आतून तोंडं वाकडी करो. कान धरो. माकडासारखा गाल फुगवो. ते हासे. पोट धरून हासे.”

खाली दुकानात शेठ पायजमा पिळत होते, त्याचा आवाज येत होता.

“पंधरा वरस मी तोंडं करून राह्यलो,” शफीकभाई म्हणाले. “तिले तर काही दिसतच नव्हतं. मंग ते हासे कायले?”



विटांचा बेत रद्द झाला. भोकांखाली शेठने स्वतःच्या हाताने पाटी लावली, ‘येथे उभे राहू नये’. ती लावताना ते तिथेच उभे होते.

पुढच्या शुक्रवारी दुपारी शफीकभाईंनी कुंपणाच्या भिंतीवरून हाक मारली. पत्रकार, जरा या. मी गेलो. पंप कोपऱ्यात ठेवलेला होता, कोरडा. त्यांनी मला पत्र्याच्या खोलीत पाठवलं, दार लावून घेतलं आणि बाहेर काचेसमोर, त्या काळ्या पंज्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

मग त्यांनी आपल्या गालांकडे बोट दाखवलं. कळायला मला थोडा वेळ लागला. खोली खरंच भट्टीसारखी होती. मी गाल फुगवले. कान धरले. एरवी कुणासमोर केलं नसतं असं आणखीही काही केलं.

शफीकभाई काचेला नाक लावून पाहत होते. त्यांच्यामागून एक बकरी आली आणि तीही पाहू लागली. ते मागे सरकले, माझ्याकडे पाहून त्यांनी नकारार्थी मान हलवली. काही दिसत नाही. त्यांची नजर माझ्यापासून हातभर डावीकडे होती.

तसेच ते थोडा वेळ उभे राहिले. मग हसू लागले. पोट धरून.