डॉक्टरांचा हलका हात

दातांच्या डॉक्टरांनी शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना रविवारी तलावावर मासे धरायला बोलावलं, हे ऐकून डॉक्टरीणबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"पेशंट दवाखान्यात येईनात, म्हणून आता पाण्यात बोलावताय होय?"

"तुला नाही कळायचं. बाईंना एकदा माझा हात बघू दे."

"हात बघूनच तर सगळे पळालेत."

डॉक्टरांनी घास उजव्या गालात सारला आणि सावकाश चावत राहिले. बरेच महिने ते एकाच बाजूनं जेवत होते, आणि त्यांच्या उशीखाली लवंगेच्या तेलाची बाटली असे. पण दातांच्या डॉक्टरला असलं काही विचारावं, हे कुणाच्या मनातच येत नाही.

दुखणं दुसरंच होतं, निदान डॉक्टर तसं म्हणत. रस्त्याच्या पलीकडे एका मुलीनं दातांचा दवाखाना थाटला होता. पाटीवर लिहिलं होतं, 'रविवारीही चालू'. डॉक्टर तिला नुसतं 'समोरची' म्हणत आणि त्या पाटीला 'भुकेची निशाणी'. तिचं यंत्र म्हणे गुणगुणायचं. डॉक्टरांचं यंत्र किंचाळायचं, आणि त्याच्यावर ताण करून पेशंट. एकेक करून माणसं पलीकडे गेली. डॉक्टरांच्या खिडकीखालून जाताना ती मान खाली घालत, एवढाच काय तो मान उरला होता.

आता राहिली होती शाळा. दरवर्षी सगळ्या मुलांचे दात तपासायचं काम बाई डॉक्टरांना देत. यंदा अजून निरोप नव्हता. त्यातून बाईंची स्वतःची दाढ ठणकत होती. गाल धरून त्या वर्ग घेत, पण डॉक्टरांचा जिना काही चढत नव्हत्या. शाळा गेली की दवाखान्याला कुलूप, हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक होतं.

तलाव अफाट होता. पैलतीर असणार, पण धुक्यानं ते पुसून ठेवलं होतं. झोपलेल्या लेकराच्या अंगावरून आईचा हात फिरावा तसा वारा पाण्यावरून फिरत होता. नाव आपल्याच सावलीवर अलगद डुलत होती. अशा त्या शांततेत डॉक्टरांनी तोंड उघडलं.

"मोठा मासा कुणीही ओढेल, बाई. तव्यात मावेल एवढासा मासा धरायचा, तर हात फुलासारखा लागतो. ही दोरी, हा तंगूस बघा, केसासारखा. गळ बघा, तांदळाच्या दाण्याएवढे. एका दोरीला दोन. माशाला कळतसुद्धा नाही."

"माशाला विचारलंत?" बाई म्हणाल्या. गालावरचा हात त्यांनी काढला नव्हता.

"तुमची दाढ अशीच काढीन. मुंगी चावल्यासारखं वाटेल फक्त."

"आमच्या शिपायाला पण मुंगीच सांगितली होतीत. तो अजून चहा एका गालानं पितो."

डॉक्टर पुढचं वाक्य जुळवत होते, तेवढ्यात दोरीवरचा लाल मणी पाण्यात बुडाला. आता मनगट नुसतं उचलायचं होतं, पापणी उचलावी इतकं हलकं. हे डॉक्टरांनी पुस्तकात वाचलं होतं, बाईंना सांगूनही झालं होतं. पण हाताला सवय दाढेची. गुडघा नावेच्या कडेला टेकला, कोपर मागे गेलं, आणि उभ्या हयातीत जसा दिला तसाच एक हिसका डॉक्टरांनी दिला.

मासा पाण्यातून उडाला. छोटासा, चंदेरी, पोटाशी पिवळा. हवेत त्यानं गिरकी घेतली आणि सरळ डॉक्टरांच्या तोंडावर आला. वरचा गळ त्याच्या तोंडात होता. खालचा डॉक्टरांच्या खालच्या ओठात शिरला.

तंगूस तुटेना. दुकानदारानं खरंच चांगला माल दिला होता. मासा हनुवटीखाली लोंबकळत शेपटीनं डॉक्टरांच्या गळ्यावर थापट्या मारत होता.

"हलू नका," बाई म्हणाल्या. वर्गात हेच वाक्य त्या याच आवाजात म्हणत. "गळाच्या डब्यात चिमटा वगैरे आहे का?"

डब्यात चिमटा होता. बाईंनी तो उचलला, उजेडात धरला, मुठीवरची निळी पट्टी निरखली.

"हा तर तुमच्या दवाखान्यातला."

ओठाला ओठ न लावता जेवढे शब्द निघतात, तेवढेच आता डॉक्टरांच्या मालकीचे होते. "जुना," ते म्हणाले. "जुना आहे."

"शिपायाच्या वेळी नवा होता का?"

डॉक्टरांनी मान हलवली. माशानंही हलवली.

बाईंनी हात आधी पाण्यात ओला केला, मासा तळव्यात घेतला, कानाशी बोलावं तसं काहीतरी पुटपुटत गळ सोडवला. मासा पाण्यात गेला. डॉक्टर राहिले.

"आता तुम्ही. आ करा."

"हळू," डॉक्टर म्हणाले.

"काही होत नाही. मुंगी चावल्यासारखं वाटेल."

चिमटा जवळ आला तसे डॉक्टर मागे सरकले. बाई पुढे सरकल्या. डॉक्टर आणखी मागे सरकले, तेव्हा एक वल्हं पाण्यात पडलं आणि धुक्यात निघून गेलं. एका वल्ह्याची नाव सरळ जात नाही. ती गोल गोल फिरत, सगळा तलाव डॉक्टरांना सगळ्या बाजूंनी दाखवत, उन्हं डोक्यावर आल्यावर काठाला लागली.

गावात तापखोकल्याच्या डॉक्टरांच्या दाराला कुलूप होतं. औषधांचं दुकान बंद. सगळ्या रस्त्यावर एकच दार उघडं होतं, आणि त्याच्यावर ती पाटी होती.

"नको," डॉक्टर म्हणाले. हाही शब्द सुटा निघत होता.

"चला," बाई म्हणाल्या, आणि हातातला तंगूस किंचित ओढला. डॉक्टर चालू लागले.

समोरचीच्या दवाखान्यात बाकं भरली होती. शाळेचा शिपाई होता. दूधवाला होता. आणि कोपऱ्यात, गालावर रुमाल धरून, डॉक्टरांचा स्वतःचा कंपाउंडर बसला होता. डॉक्टर आत आलेले पाहून तो सवयीनं उठून उभा राहिला.

"तूही?" डॉक्टर म्हणाले.

"रविवार माझा सुट्टीचा असतो, डॉक्टर."

समोरची हसली नाही, हे फार वाईट झालं. हसली असती तर रागावता आलं असतं. "बसा, डॉक्टर," ती म्हणाली. "दुखलं तर हात वर करा."

डॉक्टरांनी कुठल्याही पेशंटला हात वर करायला सांगितलं नव्हतं. त्यांच्याकडे हात धरायला कंपाउंडर असे. त्यांनी मान मागे टेकली. छताला एक चित्र चिकटवलेलं होतं, झाडांच्या शेंड्यांचं, खाली झोपून वर पाहावं तसं. डॉक्टरांच्या छताला ओल आली होती. आजवर ती फक्त पेशंटनीच पाहिली होती. चित्रातल्या फांद्यांत डॉक्टर पाखरू शोधत राहिले.

"कधी काढणार?" शेवटी त्यांनी विचारलं.

"काढलाय केव्हाच."

ट्रेमध्ये गळ होता. तांदळाचा दाणाच.

दार उघडंच होतं. बाहेरची सगळी तोंडं आत वळली होती. बाई उंबऱ्यात आल्या. "डॉक्टर, खरं सांगा. दुखलं?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर दूधवाला उठला असता, शिपाई उठला असता, शाळासुद्धा रस्ता ओलांडून परत आली असती. डॉक्टरांनी 'हो' जुळवला. पण त्यांची जीभ डाव्या बाजूला, पार मागे गेली होती, आणि तिथून ती हलेना.

"बाई, तुम्हाला थोडं थांबावं लागेल," जाड झालेल्या ओठानं ते म्हणाले. मग समोरचीकडे वळून, अगदी हळू, "डावीकडची शेवटची. वर्ष झालं. स्वतःची काढता येत नाही."

"कळलं," बाई म्हणाल्या. त्या परत जाऊन शिपायाशेजारी, रांगेत बसल्या. शाळेचा निरोप कुठल्या दारी जाणार ते तिथे सगळ्यांनाच कळलं.

समोरचीनं दिवा जवळ ओढला. दिवा ओढल्याचा तो ओळखीचा आवाज ऐकताच कंपाउंडर रुमाल खिशात घालून आत आला, खुर्चीमागे उभा राहिला आणि त्यानं डॉक्टरांचे दोन्ही हात धरले.

"त्याची इथं गरज नसते," समोरची म्हणाली.

"असू दे," डॉक्टर म्हणाले, आणि हात सोडले नाहीत.