आधी गोंद, मग वायर

लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी सासऱ्यांनी जावयाला एकदाही 'नाही' म्हटलं नव्हतं. जावई सुतार, हाताला काम नसेल तर बेचैन होणारा. अशा माणसाला कधीतरी नाही म्हणावं लागतं हो! पण भीड मोठी वाईट.

सासरे निवृत्त टायपिस्ट. घरातला त्यांचा कॉम्प्युटर लेकीच्या वयाचा. लेक लहान असताना सासूबाई तिला रोज नवी गोष्ट रचून सांगायच्या आणि सासरे ती टाइप करून फ्लॉपीवर ठेवायचे. सासूबाई गेल्या. आता फ्लॉप्याही एकेक करून माना टाकत होत्या, तीन तर उघडेचनात. शेवटी सासऱ्यांनी त्या मशीनला चालणारी जुनी हार्ड डिस्क कुठून कुठून शोधून आणली. ती आत बसली तरच बाकीच्या गोष्टी वाचणार होत्या.

पण डिस्क जागेपेक्षा लहान. आत ठेवली की खुळखुळ्यासारखी वाजायची.

"बाबा, बसवायचंच आहे ना? मग ते माझ्यावर सोडा," जावई म्हणाला.

तासाभरात त्याने सागवानी चौकट केली, डिस्क तिच्यात अलगद बसवली आणि चौकट कॉम्प्युटरच्या पेटीच्या आतल्या बाजूला गोंदाने चिकटवली. वायर जोडायच्या पिना पेटीच्या भिंतीकडे गेल्या, हे सासऱ्यांना दिसत होतं. पण जावयाला टोकायचं कसं?

"वा, जावईबापू! काय सफाई आहे!" ते म्हणाले.

जेवणं होईपर्यंत गोंदाचा दगड झाला. मग जावई वायर घेऊन आला आणि वाकून बघतच राहिला.

"सुटेल ना हो हा गोंद?" सासऱ्यांनी हळूच विचारलं.

"बाबा, माझा गोंद आजवर कधी सुटलेला नाही," जावई छाती फुगवून म्हणाला, आणि लगेच त्याचा चेहरा पडला.

पटाशीने चौकट उचकटायला गेला, तर पेटीच कुरकुरायला लागली. शेवटी जावयाने बारीक करवत काढली. सासऱ्यांनी डोळे मिटले. "कापा, कापा, तुम्हाला काय सांगायचं," असं तोंडाने चालूच होतं. पेटीला चौकोनी खिडकी पडली. वायर मागच्या फटीतून बाहेर आली आणि वळसा घालून खिडकीतून पुन्हा आत शिरली.

"ह्याला आत बसवणं म्हणतात?" लेक म्हणाली.

बटण दाबलं. घर्रर्र! डिस्क चालू झाली. ती तीन सोडून सगळ्या फ्लॉप्या डिस्कवर उतरल्या. शेवटच्या गोष्टीखाली सासऱ्यांनी तेव्हा टाइप केलेल्या दोन ओळी होत्या: 'पोरगी म्हणते, राजपुत्र नको, मोडलेलं जोडणारा नवरा हवा. हिने सांगितलं, मिळेल.'

सासऱ्यांनी चष्मा पुसला.

"जोडणारा मिळाला खरा," लेक डोळे पुसत म्हणाली. "आधी मोडतो, एवढं आईने सांगितलं नव्हतं."

"फार मोठं काम केलंत," सासरे जावयाचा हात धरून म्हणाले. "तिचा आवाज ऐकल्यासारखं वाटलं."

जावई भारावून गेला. त्याने गोंदाचा डबा उघडला. "बाबा, आता ही खिडकी तेवढी बुजवून टाकतो."

"नाही!" सासरे ओरडले. "अजिबात नाही! ठेव तो डबा खाली, गाढवा!"

जावयाने मुकाट्याने डबा खाली ठेवला. पण त्याचं तोंड कानापर्यंत फाकलं होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तो त्या घरात पाहुणा राहिला नव्हता.