निरोपाचे दोन शब्द

"अडलंय ना? मग विचारा की कुणाला तरी!" बायको म्हणाली.

"मुरलेल्या वाचकाला विचारावं लागत नाही," मुद्रितशोधक पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाले. "मागचं-पुढचं वाचलं की अर्थ आपोआप उलगडतो."

बावीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेल्यामुळे आपलीही चूक होऊ शकते, हे ते विसरून गेले होते. सध्या हातात एक जाडजूड कादंबरी होती. संवादांत कुठल्याशा बेटावरच्या भाषेतले शब्द पेरलेले आणि तळटीप औषधालाही नाही. त्यातली म्हातारी, घरातून कुणीही निघालं की दारात उभी राहून म्हणायची, "होलू मेनो." ते ऐकून माणूस निघून जायचा. अर्थात 'या आता!' मुद्रितशोधकांनी समासात पेन्सिलीने तसं लिहिलं आणि शेजारी शेरा मारला : 'कोरडी बाई.'

रविवारी सकाळी जिन्यात नवा शेजारी भेटला. हा शिंपी त्याच बेटावरचा. घरातला पाण्याचा पाइप फुटून त्याच्या गाद्या भिजल्या होत्या. मुद्रितशोधकांनी चार शब्दांत हळहळ व्यक्त केली आणि निघताना ऐटीत म्हणाले, "होलू मेनो!"

शिंप्याचे डोळे भरून आले.

अर्ध्या तासात दारात शिंपी, त्याची बायको, दोन मुलं, म्हातारी आई आणि शिलाई मशीन हजर.

"साहेबच म्हणाले, आमच्याकडे राहा," शिंपी म्हणाला.

मुद्रितशोधकांच्या बायकोने त्यांना स्वयंपाकघरात ओढलं. "तुम्ही बोलावलंत?"

"मी निरोप दिला गं!"

"मग आता नीट द्या."

मुद्रितशोधकांनी घाईघाईने पानं उलटली. नवव्या प्रकरणात नायक घरमालकाच्या अंगावर किल्ल्या फेकून ओरडतो, "ताना रुकेय!" हे नक्कीच 'चालते व्हा'. बाहेर जाऊन त्यांनी ते हळू आवाजात म्हटलं. शिंप्याने हात जोडले आणि मशीन थेट खिडकीपाशी मांडलं.

"हे घर तुमचंच समजा, असं आजकाल कोण म्हणतं हो!"

बायकोने मुकाट्याने मोठं पातेलं चढवलं.

दुपारी शिंप्याच्या म्हाताऱ्या आईशेजारी बसून मुद्रितशोधकांनी चूक कबूल केली. तिला लिपी येत नव्हती, पण मराठी कळायची. त्यांनी ते पान वाचून दाखवलं. ती हसेल असं त्यांना वाटलं होतं.

"ही हाकलत नाहीये, बाबा," ती म्हणाली. "राहा म्हणतेय. पोरं राहत नाहीत."

मुद्रितशोधकांनी खोडरबर घेऊन 'कोरडी बाई' खोडलं, आणि म्हणाले, "आजी, पहिल्यापासून वाचू?"

मग रोज छापखान्यातून आले की ते वाचायचे, म्हातारी अर्थ सांगायची, आणि बायको दारापाशी भाजी निवडत बसायची. एवढीशी भाजी निवडायला तिला फार वेळ लागू लागला.

बुधवारी पाइप दुरुस्त झाला. शिंप्याने मशीन उचललं, मुलं वाळलेल्या गाद्या घेऊन पळाली. म्हातारी जागची हलली नाही.

"तुम्ही व्हा पुढे. पुस्तक संपलं की येते मी."

"आई, असं काय करतेस!" शिंपी शरमला.

बायकोने नवऱ्याच्या हातून पुस्तक घेतलं आणि उरलेली पानं बोटाने चाळून पाहिली. एकशेऐंशी होती.

"काही घाई नाही," ती शिंप्याला म्हणाली, आणि पुस्तक परत देताना नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली, "रोज पाचच पानं वाचत जा."