देखरेखीखालची अळंबी

बाळांनो, नाकातलं बोट काढा आणि ऐका. एका जंगलात शाळा होती, म्हणजे सहल आलीच. यंदाची सहल होती अळंबी शोधायची. देखरेखीला तिघे मोठे: डुक्करगुरुजी, अस्वलबाई आणि वानरकाका.

मुलांत साळिंदराची ठुमकी होती. तिची आई आठ दिवस तापानं पडून होती. "अळंब्यांचं कालवण मिळालं तर दोन घास जातील गं," एवढंच ती म्हणाली होती. म्हणून ठुमकीनं सगळ्यात मोठी टोपली आणली होती.

"खायची अळंबी वारुळावर उगवतात," गुरुजी म्हणाले. "बाकीच्यांना हात लावायचा नाही. समजलं?"

"समजलं!"

आता एक गुपित सांगतो, कुठं बोलू नका. त्या जंगलात आपलं अळंब्यांचं वारूळ कुणी सख्ख्या भावालाही दाखवत नसे. तिघा मोठ्यांचं प्रत्येकी एक वारूळ होतं. आणि प्रत्येकाची खात्री होती, की बाकीचे दोघे सहलीच्या नावाखाली तेच हुंगायला आलेत.

मुलं करवंदीच्या जाळीकडे वळली.

"तिकडे नको!" गुरुजी ओरडले. "तिकडे नाग आहे!"

मुलं ऐनाच्या झाडाकडे वळली.

"अगं बाई, तिकडे नाग आहे!" अस्वलबाई किंचाळल्या.

मुलं ओढ्याकडे वळली.

"नाग!" वानरकाकांनी फांदीवरूनच सांगितलं.

मग दिवसभर सगळ्यांनी मोकळ्या माळावर गोल गोल फिरून निसर्गाची माहिती घेतली. टोपल्या रिकाम्याच. ठुमकीला आधी रडू आलं, मग राग आला. एवढ्याशा जंगलात इतके नाग? मोठे एकमेकांवर देखरेख ठेवत होते, तेवढ्यात ती सटकली.

करवंदीमागे वारूळ, त्यावर पांढरीशुभ्र अळंबी! ऐनाखाली तेच! ओढ्याकाठच्या वारुळावर मात्र खरंच नाग बसला होता. ठुमकी टोपलीआड दडली.

"घे गं, घाबरू नकोस," नाग वैतागून म्हणाला. "सकाळपासून तीन ठिकाणी बसवलंय मला. एकटा जीव, किती वारुळं सांभाळू?"

घरी आईनं कालवणाची वाटी चाटूनपुसून साफ केली. आठ दिवसांनी पहिल्यांदा उठून बसली.

"कुठं गं सापडली एवढी?"

ठुमकीचा आईवर फार जीव होता. ती जरा घुटमळली.

"तू तिकडे जाऊ नकोस हं, आई," ती म्हणाली. "तिकडे नाग आहे."

तात्पर्य : मुलांना रानात मोठ्यांच्या देखरेखीखालीच पाठवावे. एरवी नेमके कुठे जायचे, हे त्यांना कोण सांगणार?